इंदुरात रस्ता कुणाचा ते कसं ओळखायचं आणि तक्रार कुठे टाकायची

पहिला पाऊस पडला की कॉलोनीच्या ग्रुपवर खड्ड्यांचे फोटो सुरू होतात आणि त्याखाली दरवर्षीचंच, निगमवाले झोपलेत का, पार्षद म्हणजे आपले नगरसेवक कुठे गायब आहेत, टॅक्स कशाला भरतो आपण. फोटो एकदम क्लियर असतात पण ग्रुपवर टाकून खड्डा भरत नाही ना. आणि जे खरंच तक्रार करतात त्यांचं काय होतं, तर आठ-दहा दिवसांनी मेसेज येतो की हा रस्ता आमच्या विभागात येत नाही, तक्रार बंद. मग काका लोक म्हणणार सगळे चोर आहेत. चोर असतील नसतील, पण बऱ्याचदा तक्रार खरंच चुकीच्या दारात गेलेली असते, म्हणून सगळ्यात आधी रस्ता कुणाचा ते बघायचं, फोटो नंतर.

आपल्याला वाटतं इंदूरचा रस्ता म्हणजे नगर निगमचा, महानगरपालिकेचा. बहुतेक आहेतच, ८५ वॉर्डांच्या आतले गल्लीबोळ, बाजारातले रस्ते, जुन्या कॉलोन्या हे सगळं निगमचं आणि तिथे ज्या खात्याकडे हे काम असतं त्याला जनकार्य विभाग म्हणतात. पण त्याच शहरात प्राधिकरणाचे रस्ते आहेत, पीडब्ल्यूडीचे आहेत, बाहेर बायपास हायवेवाल्यांचा आहे, गावाकडे वळलात की पंतप्रधान ग्राम सडकवाले, आणि काही रस्ते असे की कागदावर कुणाचेच नाहीत. राऊची नगर परिषद वेगळी. महूच्या छावणीतले रस्ते कॅन्टोन्मेंट बोर्डाचे, तिथली तक्रार निगमच्या ॲपवर टाकून काही होणार नाही.

प्राधिकरण म्हणजे आयडीए, इंदूर विकास प्राधिकरण. स्कीम ५४, ७४, ७८, ११४, १४० ही जी नावं आपण पत्त्यात लिहितो ती सगळी त्यांचीच देणगी, स्कीमचा नंबर म्हणजे फाइलचा नंबर, तोच मोहल्ल्याचं नाव होऊन बसला. पद्धत अशी की प्राधिकरण जमीन घेतं, रस्ते-ड्रेनेज टाकतं, प्लॉट विकतं आणि मग कधीतरी स्कीम निगमला हस्तांतरित करतं. सगळा घोळ त्या कधीतरीमध्ये आहे. विजय नगरसारख्या जुन्या स्कीम कधीच निगमकडे गेल्या त्यामुळे तिथे प्रश्न नाही, पण नव्या टीपीएस म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीममध्ये प्लॉट घेतला असेल तर विचारून घ्या की हस्तांतरण झालंय का. नसेल झालं तर खड्ड्याचं पत्र प्राधिकरणाला. भंवरकुआ, खजराना, फूटी कोठी, लवकुश इथले फ्लायओव्हर प्राधिकरणाने बांधले, त्यामुळे तिथे काम चालू असताना खालचा रस्ता उखडला तर तेव्हाही आधी त्यांना पकडायचं, निगमला नाही.

बिल्डरची कॉलोनी असेल तर अजून मजा. रस्ता बिल्डरने केला, पाच-सहा वर्षांत उखडला, निगम म्हणते कॉलोनी आम्हाला हँडओव्हर झालेली नाही, बिल्डर म्हणतो मी तर कधीच कागद दिले, आणि रहिवासी मध्ये चिखलात. आमच्या ओळखीतल्या एका कॉलोनीत हेच चाललंय, एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवतं आणि दुसरं परत पहिल्याकडे. अशा ठिकाणी खड्ड्याची तक्रार करण्यात अर्थच नाही, आधी निगमच्या कॉलोनी सेलला लेखी विचारायचं की अमुक कॉलोनी हस्तांतरित आहे की नाही, असेल तर तारीख काय. ते उत्तर हातात आलं की पुढची प्रत्येक तक्रार त्याची कॉपी जोडूनच करायची. कॉलोनी अवैधच असेल तर आधी ती वैध करून घेण्याचा मार्ग, रस्ता त्याच्यानंतर.

शहरातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांचं ओळखायला सोपं आहे, बाजूचे दगड बघायचे. मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं तर राज्य महामार्ग, काळं किंवा निळं तर जिल्ह्याचा नाहीतर शहराचा, नारंगी तर ग्राम सडक योजनेचा. मुलांना हायवेवर हा खेळ शिकवून ठेवा, राऊपर्यंत तरी शांत बसतात. एक सांभाळा, रस्त्याचा दर्जा बदलतो पण दगड तोच राहतो असंही होतं. आपला खंडवा रोड घ्या, इंदौर-इच्छापूर म्हणून तो वर्षानुवर्षं राज्य महामार्ग होता आणि आता राष्ट्रीय महामार्गात गेलाय, तेजाजी नगरच्या पुढे चौपदरीचं काम त्याच खात्यात. अलीकडचा भंवरकुआपासूनचा भाग शहरातला. नाव दोन्हीकडे खंडवा रोडच.

एबी रोडचं तर विचारूच नका. आग्रा-बॉम्बे रोड, जुना राष्ट्रीय महामार्ग ३, पंचवीस वर्षांपूर्वीच्या सगळ्या पत्रिकांवर तसंच छापलेलं असायचं. २०१० मध्ये देशभरच्या महामार्गांचे नंबर बदलले त्यात देवास-इंदूर-सेंधवा-धुळे हा तुकडा ५२ नंबरमध्ये गेला, आणि अहमदाबादहून येऊन बैतूल-नागपूरकडे जातो तो ४७ झाला. पण हायवेची गाडी आता शहरात येतच नाही, मांगलियाच्या बाजूने बायपासला लागून राऊला निघते. शहरातला एबी रोड हा शहराचा रस्ता. त्याच्यावर २०१३ मध्ये बीआरटीएस, म्हणजे सिटी बसची रेलिंग घातलेली वेगळी लेन, आली, साधारण साडेअकरा किलोमीटर, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, आणि २०२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर रेलिंग काढायला सुरुवात झाली. म्हणजे एकाच रस्त्याला जुना हायवे नंबर, नवा हायवे नंबर, एबी रोड आणि बीआरटीएस अशी चार नावं आणि रिक्षावाला तुम्हाला विचारणार, भिया पलासिया का एलआयजी?

यावरून नावांकडे येते, कारण तक्रार फसते ती निम्मी नावामुळे. आपण लिहितो रीगलजवळ, ऑपरेटर कुठेतरी बसून यादीत बघतो तर त्याला ते सापडत नाही. इंदुरात नावांचे थर आहेत. सगळ्यात जुने बाजार आणि गंज, मल्हारगंज, तुकोगंज, स्नेहलतागंज, ही होळकर घराण्यातली नावं. मग रस्ता जिथे जातो ते नाव, धार रोड, उज्जैन रोड, कनाडिया रोड. स्वातंत्र्यानंतर एमजी रोड, जवाहर मार्ग, आरएनटी मार्ग म्हणजे रवींद्रनाथ टागोर मार्ग. वायएन रोड म्हणजे यशवंत निवास रोड, हे नव्या पोरांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटत नाही. चौराह्यांचं तर ज्याचं दुकान चाललं त्याचं नाव, टॉकीजवरून रीगल, मधुमिलन, हॉटेलवरून रेडिसन. रीगल टॉकीज बंद पडून किती काळ झाला पण चौराहा तोच आहे.

आणि एमआर. बाहेरून आलेले पाहुणे विचारतात हा एमआर-१० म्हणजे काय, औषधवाला का. मेजर रोड, मास्टर प्लॅनच्या नकाशावर आखलेला नंबर, एमआर-३, ९, १०, ११, १२ असे. नकाशावर आधी रेघ येते, रस्ता त्यानंतर कित्येक वर्षांनी येतो, आणि तोपर्यंत लोकांना नंबरचीच सवय झालेली असते. एमआर-१० आता उज्जैन रोडला लवकुश चौराह्याला जाऊन मिळतो आणि त्याला कुणी दुसरं नाव दिलं तरी लोक एमआर-टेनच म्हणणार, हे मी लिहून देते. जे एमआर अजून पूर्ण झालेले नाहीत त्यांच्याबद्दल तक्रार करताना खड्डा आहे असं लिहू नका, रस्ता अपूर्ण आहे असं लिहा, कारण खड्डा हा दुरुस्तीचा विषय आणि अपूर्ण रस्ता बांधकामाचा, दोघांची टेबलं वेगळी.

शिवाय घोषणा झालेली नावं असतात ती वेगळीच. २०२१ मध्ये भंवरकुआ चौराह्याला इंग्रजांशी लढलेल्या आदिवासी टंट्या मामांचं नाव दिलं, आदर योग्यच आहे, पण कोचिंगची पोरं, सिटी बसचा कंडक्टर, सगळे भंवरकुआच म्हणतात. महूचं नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे, रेल्वेच्या तिकिटावर ते येतं, आणि घरी फोनवर आपण महूला पोचलो असंच सांगतो. त्यामुळे तक्रारीत नेहमी दोन्ही नावं लिहायची, पाटीवरचं आणि तोंडातलं. शिवाय वॉर्ड नंबर, आणि समोरच्या किंवा जवळच्या विजेच्या खांबावरचा नंबर. खांबाचा नंबर फार कामाचा आहे, दुकान बदलतं, पाटी पडते, खांब तिथेच असतो आणि त्याच्या नंबरवरून माणूस बरोबर त्या जागेवर येऊन उभा राहतो. वॉर्ड नंबर माहीत नसेल तर संपत्तिकराच्या पावतीवर बघा, झोन पण तिथेच असतो.

२०२५ मध्ये निगमने सुदामा नगरपासून घरांवर क्यूआर कोडवाल्या डिजिटल पत्त्याच्या पाट्या लावायला सुरुवात केली. तुमच्या दारावर ती असेल तर नावाची कटकट कमी होते. पण खड्डा घरासमोर नसून गल्लीच्या तोंडाशी असतो, त्यामुळे खांब विसरू नका.

आता तक्रार टाकायची कुठे. निगमचा रस्ता असेल तर इंदौर ३११ ॲप, फोटो काढा, लोकेशन ऑन ठेवा, जागेवर उभं राहून टाका, घरी येऊन नाही, कारण ॲप तुमच्या सोफ्याचं लोकेशन पाठवतं आणि मग कर्मचारी येऊन तुमच्या बिल्डिंगखाली खड्डा शोधतो. एका तक्रारीत एकच गोष्ट. खड्डा, बंद लाइट आणि तुंबलेली ड्रेनेज असं एकत्र लिहिलं की त्यातलं सगळ्यात सोपं काम करून तक्रार बंद होते, बहुतेक वेळा लाइटचं. पीडब्ल्यूडीचा रस्ता असेल तर लोकपथ ॲप, जुलै २०२४ मध्ये आलंय, त्यात जिओटॅग फोटो जातो आणि आलं तेव्हा सात दिवसांत दुरुस्तीचं त्यांचं वचन होतं. बायपास किंवा कुठलाही राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला फोन, चोवीस तास चालतो, मात्र सर्व्हिस रोडबद्दल फोनवरच विचारा की हा तुमच्याकडे आहे की निगमकडे. गावाकडचा नारंगी दगडवाला रस्ता असेल तर मेरी सडक ॲप.

आणि सगळ्यांच्या वर १८१, सीएम हेल्पलाइन. हा पहिल्याच दिवशी वापरू नका असं माझं मत आहे, लोकांना पटत नाही पण ऐका. आधी ३११ वर टाका, नंबर जपून ठेवा, मुदत जाऊ द्या, आणि मग १८१ वर सांगताना तो जुना नंबर सांगा. १८१ ची गंमत म्हणजे तिथे एल-१ पासून एल-४ पर्यंत पायऱ्या आहेत, खालच्या अधिकाऱ्याने वेळेत उत्तर दिलं नाही की तक्रार आपोआप वर चढते आणि ती चढू नये याची खालच्यांना फार काळजी असते. म्हणून तुम्हाला फोन येतो, मॅडम काम होऊन जाईल, तुम्ही तक्रार बंद करून टाका. बंद करायची नाही. काम झालं, जाऊन पाहिलं, पाय ठेवून पाहिला, मग बंद. कुणी फार गोड बोलत असेल तर सांगायचं की फोटो पाठवा, लगेच संतुष्ट लिहिते. कधी कधी तरीही फोर्स क्लोज करतात, म्हणजे तुमच्या होकाराशिवाय बंद, मग तीच तक्रार परत टाकायची आणि मंगळवारी अधिकारी समोरासमोर तक्रारी ऐकतात त्या जनसुनवाईत दोन्ही नंबर घेऊन जायचं. जनसुनवाईत पोस्टर घेऊन जाऊ नका, एक पानाचा अर्ज, त्याच्या दोन कॉप्या आणि एकीवर शिक्का मारून परत.

तक्रार हिंदीतच लिहा हे सांगायला नको, आणि ज्याच्याशी बोलताय त्याचं पद माहीत असू द्या. वॉर्डात रोज फिरणारा तो उपयंत्री, त्याच्यावर सहायक यंत्री, त्याच्यावर कार्यपालन यंत्री. पार्षदाला फोन करावा का, तर जरूर करावा, पण काम उपयंत्री बघतो म्हणून त्याचा नंबर झोन ऑफिसमधून घेऊन ठेवा. पार्षदाला वॉर्डच्या निधीतून नवा रस्ता मागता येतो, खड्डा भरायला तो निधी लागत नाही.

आता काम सुरू झालं असं समजू. इथे लोक गॅलरीतून बघत बसतात आणि नंतर बोलतात. खाली उतरा. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यावर सरळ गिट्टी-डांबर टाकलं की दोन पावसात रस्ता लाटेसारखा होतो. म्हणून खालची माती किती काढली, त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला का, हे पहिल्या दोन दिवसांतच कळतं, वर काँक्रीट आलं की आत काय आहे ते देव जाणे. डांबराचं काम भर पावसात चालू असेल तर तिथेच थांबवा, ओल्या खडीला डांबर धरत नाही, पाणी मध्ये शिरतं आणि गाडीच्या चाकाने खडी सुटी होत जाते. पावसाळ्यात मुरूम-गिट्टी टाकून तात्पुरता खड्डा भरणं ठीक, पक्कं डांबरीकरण पाऊस गेल्यावर.

आपल्याकडे गल्ल्यांत बहुतेक सीमेंटचे रस्ते आहेत, त्यात तीन गोष्टी बघायच्या. ढाळ, एका मीटरला साधारण दोन सेंटिमीटर, नाहीतर पाणी मध्येच थांबतं, रस्ता झाल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा कुठे वाहतं. जोड, चार-साडेचार मीटरवर मशीनने चिरा मारलेल्या हव्यात आणि त्या काँक्रीट टाकल्यानंतर साधारण दिवसभराच्या आत, उशीर केला की काँक्रीट आपल्या मर्जीने तडकतं आणि ती वाकडीतिकडी भेग मग आयुष्यभर दिसते. आणि पाणी, निदान आठवडाभर, खरं तर चौदा दिवस रस्ता ओला राहायला हवा, क्यारी बांधून नाहीतर ओली पोती टाकून. याचं कंत्राटदारांना फार जड वाटतं. आमच्या गल्लीत पोती पहिल्या दिवशी आली, टँकर तिसऱ्या दिवशी गायब झाला, शेवटी शेजारच्या आजींनी आपल्या बोअरिंगचा पाइप लावून दिला आणि आल्यागेल्याला सुनावत राहिल्या, तो तुकडा अजून धड आहे, कोपऱ्यापलीकडचा वरून पांढरा होऊन धूळ सोडतोय.

चेंबरची झाकणं पण बघा. रस्ता झाला की झाकण रस्त्याच्या बरोबरीत यायला हवं, दोन बोटं खाली राहिलं तर स्कूटरवाल्याची कंबर जाते आणि वर आलं तर चाकाची रिम. काँक्रीट ओलं असतानाच सांगितलं तर मिस्त्री पाच मिनिटांत नीट करतो, नंतर कटर आणावा लागतो आणि तो कुणी आणत नाही. आणि सगळ्यात मोठी लढाई म्हणजे जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा थर टाकणं, असं दोन-तीनदा झालं की रस्ता ओट्याच्या वर जातो आणि पावसाचं पाणी घरात. जुना थर काढूनच नवा टाका असं काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या गल्लीच्या सह्यांचं पत्र द्यायचं, नंतर ओरडून उपयोग नाही.

साइटवर कामाचा बोर्ड असला पाहिजे, कामाचं नाव, रक्कम, एजन्सी, मुदत. त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, बोर्ड रस्त्याच्या आधी जातो. त्यावर किंवा टेंडरमध्ये एजन्सीची जबाबदारीची मुदत असते, म्हणजे अमुक वर्षांत रस्ता खराब झाला तर तिने फुकट दुरुस्त करून द्यायचा, ग्राम सडक योजनेत ती पाच वर्षं आहे. मुदतीत रस्ता उखडला तर तक्रारीत हेच पहिल्या ओळीत लिहा, एरवी निगम आपल्याच पैशाने परत दुरुस्त करते आणि एजन्सी सुटते. मुदत कळत नसेल तर आरटीआय, दहा रुपये फी, तीस दिवस, आणि मागायचं काय तर वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुक म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीच्या त्या पानांची कॉपी आणि काँक्रीटच्या टेस्टचा रिपोर्ट. का केलं, कुणी केलं असे प्रश्न विचारू नका, कागद मागा.

गॅस किंवा नर्मदेच्या पाण्याच्या लाइनसाठी कुणी रस्ता फोडला तर आधी परवानगीचा कागद बघायला मागा. रोड कटिंगचे पैसे भरून घेतलेले असतात आणि रस्ता परत पहिल्यासारखा करायचाच असतो, पण नाली बुजवून वर माती सारली की माणसं पुढच्या गल्लीत जातात. तो पट्टा पावसात खचतो. ठोकून भरलाय का ते पायाने दाबूनच कळतं.

शेवटचं, गल्लीला नाव द्यायचं असेल तर. आपल्याकडे उत्साह फार, कुणाचे आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते, कुणाला गुरूंचं नाव हवं, मग वर्गणी काढून परस्पर पाटी लावतात आणि निगम ती उचलून नेते. रस्त्यांना नाव देणं हे १९५६ च्या नगर पालिक निगम अधिनियमाप्रमाणे निगमचं काम आहे. पद्धत अशी की रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज पार्षदाकडे, त्यांचं पत्र जोडून प्रस्ताव निगमकडे, मग मेयर इन काउन्सिल म्हणजे महापौरांची समिती, मग परिषदेच्या संमेलनात मंजुरी. त्याच नावाची दुसरी गल्ली शहरात आहे का ते आधी बघून घ्या, एकाच नावाच्या दोन गल्ल्या असल्या की ॲम्ब्युलन्स आणि कुरियर दोन्ही फिरत राहतात. मंजुरीच्या ठरावाचा नंबर आणि तारीख लिहून घ्या, पाटी कधी पडली तर परत लावायला तोच लागतो.

नाव बदललं म्हणून आधार, पासपोर्ट, बँक सगळीकडे धावाधाव करायची गरज नाही. घर तेच असेल तर जुना पत्ता चालतो, पुढे कधी कागद नवा करायची वेळ येईल तेव्हा नवं नाव पत्त्यात आणि जुनं लँडमार्कच्या रकान्यात टाका. गूगल मॅपवर मात्र लगेच दुरुस्ती पाठवा आणि ग्रुपवरच्या चार-पाच जणांना पण पाठवायला सांगा, एकट्याची दुरुस्ती तिथे लवकर मंजूर होत नाही.